दक्षिण कॅरोलिनातील नोकरी स्वीकारण्यापूर्वी

तुमची चाकणची कंपनी अमेरिकेत ग्रीनव्हिलजवळ मोटारींच्या सुट्या भागांचा कारखाना उभारत आहे आणि तुम्हाला एल-१ व्हिसावर, म्हणजे कंपनीने आपल्याच माणसाची अमेरिकेत बदली करण्यासाठीच्या व्हिसावर, तेथे पाठवू इच्छिते. जर्मन आणि फ्रेंच कंपन्यांमुळे या भागाची भरभराट झाली असेल, तर येथे नोकरीची चिंता नसावी ना, असे तुम्ही विचारले आहे. मी याच भागात राहतो. भरभराट खरी आहे. चिंतेचे उत्तर मात्र तुमची नेमणूक कोणाकडे आणि कोणत्या अटींवर होते यावर अवलंबून आहे.

ग्रीनव्हिल आणि स्पार्टनबर्ग हा मूळचा कापड गिरण्यांचा मुलूख. गिरण्यांना उतरती कळा लागत असताना, १९७५ मध्ये, फ्रेंच मिशेलिनचा टायर कारखाना येथे आला. १९९२ मध्ये बीएमडब्ल्यूने स्पार्टनबर्गची निवड जाहीर केली आणि १९९४ मध्ये उत्पादन सुरू झाले. आज त्या एका कारखान्यात ११ हजारांहून अधिक माणसे काम करतात आणि तेथील बऱ्याच गाड्या चार्ल्सटन बंदरातून परदेशी जातात. माझ्या मते खरा लाभ फाटकाबाहेर झाला: आसपास पुरवठादार उभे राहिले, तंत्रनिकेतनांतून कमवा आणि शिका स्वरूपाचे अभ्यासक्रम आले, क्लेमसन विद्यापीठाने मोटार संशोधनाचे स्वतंत्र केंद्र काढले आणि २०१३ मध्ये ग्रीर येथे चार्ल्सटनशी रेल्वेने जोडलेले कोरडे बंदर, म्हणजे समुद्रापासून दूर कंटेनर हाताळण्याचे ठाणे, सुरू झाले.

हे फुकट झालेले नाही. राज्याने बीएमडब्ल्यूसाठी जमीन मिळवून दिली, विमानतळाची धावपट्टीही वाढवली. राज्याच्या कायद्यातील मूळ प्रमाणानुसार कारखान्याच्या मालमत्तेच्या १०.५ टक्के मूल्यावर कर बसतो. मोठ्या गुंतवणुकीसाठी काउंटी, म्हणजे तेथील जिल्हा प्रशासन, वाटाघाटी करून ते प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत खाली आणू शकते, आणि शाळांचा बराचसा पैसा याच करातून येतो, हे मुलांना घेऊन येणाऱ्याने लक्षात ठेवावे. सवलती देऊनही आश्वासने पाळली जातातच असे नाही. विस्कॉन्सिन राज्यात फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने २०१७ साली १३ हजार नोकऱ्यांचे आश्वासन दिले होते. २०२१ च्या सुधारित करारात तो आकडा १,४५४ वर आला.

कामगार संघटना येथे अत्यंत दुर्बळ आहेत आणि कारण न देता कामावरून कमी करणे सामान्यतः कायदेशीर आहे. परमनंट आणि ठेकेदाराकडचे कामगार हा चाकणमध्ये रोज दिसणारा भेद येथेही आहे. मागणी घटली की आधी एजन्सीमार्फत घेतलेल्यांना घरी बसवतात आणि त्यानंतर झळ लहान पुरवठादारांना लागते. तुमचे युनिट एकाच गिऱ्हाइकावर चालणार असेल, तर ती जोखीम तुमचीही आहे. २०२५ च्या आयातशुल्कानंतर तर अमेरिकेत गाड्या बनवणाऱ्यांनाही बाहेरून आणलेल्या भागांवर जादा खर्च सोसावा लागला.

एल-१ व्हिसा पाठवणाऱ्या कंपनीशी बांधलेला असतो, त्यामुळे शेजारच्या कारखान्याने जास्त पगार देऊ केला तरी त्याच व्हिसावर तेथे जाता येत नाही, आणि नोकरी गेल्यास बहुधा ६० दिवसांत दुसरी व्यवस्था करावी लागते. विशेष ज्ञानाच्या गटात एकूण मुदत ५ वर्षे, व्यवस्थापकांना ७ वर्षे. ग्रीनकार्डासाठी भारतीयांची रांग याहून कितीतरी लांब असू शकते. जोडीदाराला एल-२ या कुटुंबीयांच्या व्हिसावर नोकरी करता येते, ही त्यातल्या त्यात मोठी सोय.

‘आधी बी-१ वर (व्यावसायिक भेटीच्या अल्पमुदती व्हिसावर) या, लाइन सुरू करा, मग पाहू’ असे कंपनी म्हणाली, तर स्पष्ट नकार द्या. बाहेरून विकत घेतलेले यंत्र विक्रीकराराप्रमाणे बसवून देणे त्या व्हिसावर चालते, नियमित उत्पादनाचे काम चालत नाही. हा धोका नुसता कागदावरचा नाही: सप्टेंबर २०२५ मध्ये शेजारच्या जॉर्जिया राज्यातील ह्युंदाई-एलजीच्या बांधकामाधीन बॅटरी कारखान्यावर छापा पडून सुमारे ४७५ जणांना ताब्यात घेतले गेले, त्यांतील तीनशेहून अधिक कोरियन होते. होकार देण्यापूर्वी व्हिसाचा गट, ग्रीनकार्डाचा अर्ज केव्हा करणार, आणि युनिट बंद पडल्यास चाकणला मूळ पदावर परत घेणार का, या तिन्ही गोष्टी कंपनीकडून लेखी घ्या.