टीव्हीखालच्या पीसीचं कॅबिनेट: आधी खण मोजा

होम थिएटर पीसी म्हणजे टीव्हीला कायमचा जोडून ठेवलेला, सिनेमे आणि गाणी लावायचा संगणक. त्याचं छोटं कॅबिनेट कसं निवडावं, यावरचे हे प्रश्न. बहुतेकांनी मॉडेलचं नाव विचारलंय. टीव्ही युनिटचं माप मात्र एकाच वाचकाने कळवलंय, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न (दादर): टीव्ही युनिट नुकतंच करून घेतलं. खोली १६ इंच, टीव्हीखालचा खण ६ इंच उंच, पुढे १८ मिमी चौकटीतला काचेचा शटर. फ्रॅक्टल डिझाइनचं नोड २०२ बसेल का?

बसेल. शटर लावल्यावर ते गार राहील का, हे मात्र आधी पाहायला हवं. सुतार १६ इंच म्हणतो ते बाहेरून. त्या ४०६ मिमीतून मागची ६ मिमी प्लाय आणि पुढचा १८ मिमीचा शटर वजा करा, आत उरले ३८२. नोड २०२ची खोली साधारण ३३० मिमी आहे. एचडीएमआयचा प्लग आणि त्यामागचं केबलचं वळण याला निदान ५० मिमी लागतात, म्हणजे झाले ३८०. दोन मिलिमीटर राहिले, तेही सुताराचं माप काटेकोर असेल तर! काटकोनी प्लग लावला तर २०-२५ मिमी सुटतील. फक्त तो प्लग वरच्या बाजूला वळतो की खाली, हे मदरबोर्डावरचं पोर्ट बघूनच घ्या. उलटा आला तर शेजारच्या पोर्टवर चढतो.

उंचीची अडचण नाही. ६ इंच म्हणजे १५२ मिमी, आणि हे कॅबिनेट आडवं ठेवल्यावर पायांसकट ९० मिमीच्या आत बसतं. वर राहणारे सहा सेंटिमीटर मात्र मोकळेच ठेवा. चपट्या कॅबिनेटच्या जाळ्या वरच्या-खालच्या पत्र्यात असतात. तिथे सेट-टॉप बॉक्स ठेवला की निम्मा श्वास बंद.

आता हवेचा हिशेब. सिनेमा चालू असताना असा पीसी ३०-५० वॅट घेतो आणि त्या सगळ्याची शेवटी उष्णताच होते. खणातली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर ५० वॅटसाठी सेकंदाला साधारण ४ लिटर हवा बदलावी लागते. आकडा मोठा नाही. पण केबलसाठी पाडलेल्या दोन इंची भोकातून, तेही निम्मं वायरींनी भरलेलं असताना, एवढी हवा आपोआप जात नाही. गरम हवा वर चढून बाहेर पडायला उंची लागते, आणि सहा इंची खणात ती नसते. मे महिन्यात हॉलमध्ये ३३-३४ अंश असतील, तर बंद शटरमागे ४५ पार व्हायला एक सिनेमा पुरतो.

उपाय सोपा आहे. मागच्या प्लायला एका बाजूला १२० मिमीचा पंखा बसेल एवढं भोक, आणि विरुद्ध टोकाला खालच्या फळीत तेवढ्याच क्षेत्रफळाची जाळी. पंखा हवा बाहेर फेकणारा लावा. ६००-७०० आरपीएमवर तो ऐकूही येत नाही आणि ४ लिटरच्या कितीतरी पुढे जातो. यूएसबीवर चालणारा पंखा घेतलात तर तो पीसीलाच जोडा आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणारी बोर्डाची सेटिंग) ईआरपी हा बंद पीसीच्या पोर्टांची वीज तोडणारा पर्याय सुरू करा, म्हणजे पीसी बंद झाल्यावर पंखाही थांबेल. युनिट थेट भिंतीला ठोकलेलं असेल तर मागे भोक पाडून फायदा नाही, हवा जाणार कुठे? अशा वेळी पंखा वरच्या फळीत, टीव्हीच्या मागे लपेल अशा जागी बसवा. सुतार अजून येत असेल तर हे आत्ताच करून घ्या. लॅमिनेट लागल्यावर कापलं की कडा उडतात.

प्रश्न (मालाड): रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि त्यासोबत आलेला कूलर एका चपट्या कॅबिनेटमध्ये बसवलाय. झाकण लावलं की तापमान ९० अंशांवर जातं आणि पंखा भणभणतो. झाकण काढलं की सगळं ठीक. प्रोसेसरच खराब आहे का?

प्रोसेसर ठीक आहे, त्याला हवा मिळत नाहीये. तुमच्या कॅबिनेटची कूलरसाठीची मर्यादा ५६ मिमीच्या आसपास असणार. बॉक्समधला रेथ स्टेल्थ कूलर साधारण ५४ मिमी उंच आहे. म्हणजे पंखा आणि पत्रा यांत दोन मिलिमीटर. 'कूलरची कमाल उंची ५६ मिमी' याचा अर्थ झाकण लागेल एवढाच. पंख्याला हवा मिळेल, असं त्यात कोणी कबूल केलेलं नसतं. बरोबर वर जाळी असेल तर दोन मिमीतही भागतं. कोरा पत्रा असेल तर पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा गिळतो.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा बायोसमध्ये जाऊन प्रोसेसर ४५ वॅटवर आणा. ५६००जी ४५ ते ६५ वॅटमध्ये चालवता येतो आणि व्हिडिओला फरक पडत नाही, कारण फाइल उलगडायचं काम त्यातला ग्राफिक्सचा भाग करतो. अपवाद एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमधल्या फाइलींचा. ५६००जीमध्ये एव्ही१साठी हार्डवेअरची सोय नाही, त्यामुळे ते सगळं ओझं कोअर्सवर पडतं. ठरावीक फाइली लावल्यावरच तापतं असं दिसलं, तर त्या कुठल्या प्रकारच्या आहेत ते तपासा.

एवढ्याने भागलं नाही तर ३७ मिमी उंचीचा कूलर घ्या. नॉक्टुआचा एनएच-एल९ए हा त्यातला नेहमीचा. घेताना ५६००जीच्या एएम४ सॉकेटची आवृत्ती आहे ना ते बघा, एएम५ची वेगळी येते. तो रॅमवर आडवा येत नाही. मग पंखा आणि पत्रा यांत १९ मिमी मिळतात. वर जाळी असेल तर या फटीत दाराला लावतात तसल्या मऊ फोमची कडी करून पंख्याभोवती बसवा. म्हणजे पंखा कॅबिनेटमधली तापलेली हवा न ओढता थेट बाहेरची ओढेल. खर्च नगण्य, आणि फरक थर्मामीटर न लावता कानाने कळतो.

प्रश्न (वर्सोवा): घर समुद्राजवळ आहे. आधीच्या कॅबिनेटला दोन वर्षांत गंज चढला. बिनपंख्याचं अॅल्युमिनियमचं घ्यावं का? पावसाळ्यात आत सिलिका जेल ठेवावं का?

सिलिका जेल नको. कॅबिनेटमधली हवा सतत बदलत असते, त्यामुळे पुडी थोड्याच वेळात ओली होऊन नुसती पडून राहते. पीसी रोज तास-दोन तास चालू असला की आतला भाग खोलीपेक्षा गरम राहतो आणि गरम वस्तूवर दव धरत नाही. धोका असतो तो पावसाळ्यात महिनाभर बंद पडलेल्या मशीनला. गावी जाऊन आलात तर आधी पंख्याच्या वाऱ्यात तासभर उघडं ठेवा, मग चालू करा.

गंज बहुधा स्क्रूंवर, मागच्या स्लॉटच्या पट्ट्यांवर आणि पत्र्याच्या कापलेल्या कडांवर सुरू होतो, कारण तिथे रंग किंवा जस्ताचा थर नसतो. स्टीलचं कॅबिनेट घेतलंत तरी स्क्रू स्टेनलेसचे लावा आणि कडांवर पारदर्शक लॅकरचा एक हात फिरवा. मदरबोर्डावर किंवा पोर्टांवर मात्र यातलं काही उडू देऊ नका.

बिनपंख्याचं कॅबिनेट म्हणजे अख्खं कॅबिनेटच कूलर. प्रोसेसरवरून तांब्याच्या नळ्या निघून बाजूच्या पन्हाळीदार भिंतींना भिडतात. स्ट्रीकॉम, एचडीप्लेक्स, अकासा यांची अशी मॉडेलं आहेत. समुद्राकाठी त्यांचा मोठा गुण हा, की पंखा नाही म्हणून खारी धूळ आत ओढली जात नाही. पण तीन अटी आहेत. एक, ३५ वॅटचा प्रोसेसर घ्या किंवा ६५चा खाली आणा. कंपनीने दिलेली वॅटची मर्यादा मुंबईतल्या उन्हाळ्यासाठी सरळ एक पायरी खाली धरा. दोन, ते उघड्यावरच ठेवा, वरून आणि दोन्ही बाजूंनी हात जाईल एवढी जागा सोडून. शटरमागे ठेवलंत तर ते हळूहळू शिजतं. तीन, नळ्या कुठल्या बोर्डावर बसतात याची यादी कंपनीच्या पानावर बघा. सॉकेटजवळ उंच हीटसिंक असलेल्या बोर्डावर नळी आडवी येते, आणि हे पैसे भरल्यावर कळतं.

प्रश्न (लालबाग): जुना ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) चांगला चालू आहे. छोट्या कॅबिनेटमध्ये तोच वापरता येईल का?

वॅट भरपूर आहेत, आकार आडवा येईल. साध्या एटीएक्स एसएमपीएसचं तोंड १५० × ८६ मिमी असतं. चपट्या कॅबिनेटना एसएफएक्स लागतो: १२५ × ६३.५, खोली १०० मिमी. लांबुळक्या डेस्कटॉप कॅबिनेटमध्ये टीएफएक्स, आणि अगदी चिमुकल्यांत फ्लेक्स. फ्लेक्समध्ये ४० मिमीचा पंखा असतो आणि त्याचा बारीक किरकिर आवाज सिनेमातल्या शांत प्रसंगात नेमका ऐकू येतो, म्हणून तो शक्यतो टाळा. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ३०० वॅटचा चांगला एसएफएक्सही जास्तच आहे.

स्वस्त चपट्या कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट येतो. त्यावर लिहिलेल्या वॅटवर विश्वास टाकण्याआधी लेबलवर १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर आहेत ते वाचा आणि १२ने गुणा. ते खरे वॅट.

प्रश्न (कांदिवली): रायझर केबलवर (कार्ड बोर्डापासून दूर, आडवं बसवायची जोडवायर) ग्राफिक्स कार्ड लावलं आणि टीव्ही काळा. थेट बोर्डावर लावलं की चालतं.

रायझर तिसऱ्या पिढीचा आणि बोर्ड-कार्ड चौथ्या पिढीचे असतील. बायोसमध्ये पीसीआयई स्लॉट (कार्डाची खाच) 'ऑटो'वरून 'जेन ३'वर आणा. ते करण्यापुरता टीव्ही बोर्डाच्या एचडीएमआयला जोडा, नाहीतर बायोसही दिसणार नाही.

प्रश्न (विक्रोळी): सिनेमांच्या चार मोठ्या हार्ड डिस्क आहेत. त्या बसतील असं कॅबिनेट कोणतं?

फ्रॅक्टलच्याच नोड ३०४मध्ये ३.५ इंची सहा डिस्क बसतात, आणि त्यात साधा एटीएक्स एसएमपीएसही चालतो. पण ते २५० × २१० × ३७४ मिमीचं ठोकळ्यासारखं आहे, टीव्हीखालच्या बहुतेक खणांत जाणार नाही.

त्यापेक्षा डिस्क हॉलमध्ये ठेवूच नका. चार डिस्कची घरघर प्लायच्या युनिटमध्ये घुमते, रबरी वॉशर लावले तरी पूर्ण जात नाही. डिस्कांचा डबा राउटरजवळ किंवा आतल्या खोलीत ठेवून लॅनची एक केबल टीव्हीपर्यंत आणा. ४के ब्लू-रेचा डेटासुद्धा १५० एमबीपीएसच्या आतच असतो, गिगाबिट लॅनला ते किरकोळ आहे. मग हॉलमधल्या पीसीत एक एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावरच बसणारा, आवाज न करणारा) पुरतो आणि कॅबिनेट निम्म्या आकाराचं चालतं.

प्रश्न (चेंबूर): पीसी खणात ठेवल्यापासून वायरलेस कीबोर्ड अडखळतो. सोफा फक्त आठ फुटांवर आहे.

कीबोर्डचा डाँगल (यूएसबीत खुपसायचा रिसीव्हर) मागच्या यूएसबी ३ पोर्टात असणार. यूएसबी ३चा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, आणि मध्ये कॅबिनेटचा पत्राही आहेच. डाँगल यूएसबी २ पोर्टात लावा आणि एक मीटरच्या एक्स्टेन्शनने टीव्हीच्या चौकटीखाली आणा. टीव्हीच्याच रिमोटने पीसी चालवायचा विचार असेल, तर पीसीच्या एचडीएमआयमधून सहसा सीईसी, म्हणजे रिमोटचे हुकूम केबलमधून पोचवायची सोय, मिळत नाही. त्यासाठी वेगळा अॅडॉप्टर किंवा यूएसबी इन्फ्रारेड रिसीव्हर लागतो.

प्रश्न (बोरिवली): एवढ्या खटाटोपापेक्षा एन१००चा तयार मिनी पीसी घेतला तर?

४के फाइली बघायच्या, बाकी काही नाही, असं असेल तर तोच घ्या. इंटेल एन१०० हा प्रोसेसर सहा वॅटचा आहे आणि एव्ही१सुद्धा हार्डवेअरने उलगडतो. असा मिनी पीसी टीव्हीच्या मागे व्हेसाच्या (स्टँड लावायच्या) भोकांवर लावतात, पण टीव्ही भिंतीला अगदी चिकटलेला असेल तर तिथेही हवेचा तोच प्रश्न. आणि नुसतं ओटीटी बघायचं असेल तर दोन्ही नकोत. पीसीवर, त्यातही लिनक्सवर, बऱ्याच सेवा पूर्ण ४के देत नाहीत. टीव्हीला लावायची स्टिक स्वस्तात ते काम करते.

प्रश्न (गिरगाव): लॅमिंग्टन रोडला जाऊन कॅबिनेट घेणार आहे. दुकानात काय बघू?

टेप न्या आणि कूलरची उंची कागदावर लिहून न्या. बोर्ड मिनी-आयटीएक्स म्हणजे १७० × १७० मिमी की मायक्रो-एटीएक्स म्हणजे २४४ × २४४ पर्यंत, हे पक्कं करा. आयटीएक्स बोर्ड बहुधा महाग पडतो. खणात जागा असेल तर मायक्रो-एटीएक्सचं चपटं डेस्कटॉप कॅबिनेट आणि स्वस्त बोर्ड ही जोडी वाईट नाही, फक्त त्यात कार्ड अर्ध्या उंचीचंच बसतं.

खोकं उघडायला लावा. वरचा पत्रा मधोमध अंगठ्याने दाबा. डबक असा वाजला तर पंख्याबरोबर तोही वाजणार. जाळीमागचा धुळीचा फिल्टर स्क्रू न काढता बाहेर येतो का बघा. शेजारी कुठे इमारतीचा पुनर्विकास चालू असेल तर तो दर दोन-तीन आठवड्यांनी धुवावा लागतो, आणि अवघड असेल तर कोणीच धूत नाही. पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर त्याचं आतलं कनेक्टर तुमच्या बोर्डावर आहे का ते तपासा, स्वस्त बोर्डांवर अनेकदा नसतं आणि पोर्ट शोभेचं राहतं.

पुढचा निळा दिवा फार झगझगीत असला तर त्यासाठी कॅबिनेट नाकारू नका. पॉवर एलईडीची वायर बोर्डावरून काढून ठेवली की तो विझतो, पीसीचं बटण पूर्वीसारखंच चालतं.