सुरी तीच, मूठ नवी

या वेळच्या पत्रांत स्वयंपाकघरातल्या सुऱ्याच जास्त आहेत. काही पत्रं सुऱ्या बनवणाऱ्यांची, काही घरातली जुनी सुरी आपल्या हाताला जुळवून घेऊ पाहणाऱ्यांची. दोघांच्या शंका पुष्कळदा एकाच जागी येऊन थांबतात, म्हणून उत्तरं एकत्र देतो आहोत.

प्रश्न : आमच्याकडे कार्बन पोलादाच्या तीन मापांच्या सुऱ्या वर्षानुवर्षं त्याच साच्यावर बनतात. लाकडी मूठ, तीन पितळी रिव्हेट. जुनाट दिसते, जड वाटते अशी कुरकुर ऐकू येते. पोलाद बदलावं आणि पात्यावर दमास्कस (लाटांसारखी दिसणारी) नक्षी घ्यावी असा विचार आहे. सुरुवात तिथूनच करावी ना?

नको. पोलाद आणि नक्षी सगळ्यात शेवटी. आधी तुमचीच एक सुरी घेऊन जाड गाजर मधोमध कापून पाहा. पातं अर्ध्यात गेल्यावर ‘टक्’ असा आवाज होऊन उरलेलं गाजर फुटत असेल, तर धार कमी पडलेली नाही. धारेच्या मागची जाडी आडवी येते आहे. पातं तिथे पाचरीसारखं काम करतं. सुरी जड वाटते त्यालाही बरंचसं हेच कारण असतं, कारण हाताला जोर लावावा लागतो आणि दोष वजनाला दिला जातो.

धार जिथे सुरू होते त्याच्या लगेच वरची जाडी व्हर्नियरने मोजा. भाजी चिरायच्या सुरीला ती 0.2 ते 0.3 मिमी हवी. जुन्या साच्यांवरच्या सुऱ्यांत ती 0.5 किंवा जास्तही निघते. व्हर्नियर नसेल तर धारेचा चकाकणारा पट्टा बघा. दोन्ही बाजूंनी 15 अंशांची धार असताना तो पट्टा जवळजवळ 1 मिमी रुंद दिसला, तर मागची जाडी 0.5 मिमी आहे. पट्टा अर्धा मिमी असेल तर जाडी 0.25, म्हणजे ठीक. हाडं तोडायच्या सुरीला मात्र जाडी तशीच राहू द्या, तिथे पातळ धारेचे तुकडे पडतात.

पातळ करायचं ते पाणी दिल्यानंतर, म्हणजे पातं तापवून झटकन थंड करून कडक केल्यानंतर. आधीच 0.2 पर्यंत घासलेलं पातं तेलात बुडवताच धारेशी लाटेसारखं वाकतं, कधी चिरतं. पाणी देण्यापूर्वी काठाशी 0.5 ते 0.8 मिमी राखा आणि उरलेलं काम ओल्या घासणीवर करा. त्याच फेरीत पाठही उतरती करून घ्या. मुठीशी 2.5 ते 3 मिमी असलेली पाठ टोकाच्या सेंटिमीटरभर आधी 1 मिमीच्या आत आली पाहिजे. साचा तोच राहतो, आकार तोच दिसतो, पण वजन पुढून कमी झाल्याने तोल मागे, बोटांच्या चिमटीपाशी येतो.

दुसरी सुधारणा इतकी साधी आहे की बहुतेक जण ती करतच नाहीत. पाठीच्या दोन्ही कडा आणि टाचेची (पात्याच्या मुठीकडच्या टोकाची) मागची कड गोल करा. पातं चिमटीत धरून कापणाऱ्याच्या तर्जनीला हीच काटकोनी कड घट्टे पाडते. 220 नंबरच्या पॉलिश पेपरची बोटभर पट्टी, बुटाला पॉलिश करतात तशी पाठीवरून ओढायची, मग 400 ने साफ करायचं. सुरीमागे काही मिनिटांचं काम, पण हातात घेताक्षणी फरक कळतो.

गिऱ्हाइकाला निवड द्यायची असेल तर ती मुठीत द्या, पात्यात नको. पातं एक, भोकांचं अंतर एक, त्यासाठी एक जिग, म्हणजे भोकं नेमक्या जागी पाडायचा साचा. आणि वर लावायच्या फळ्या लाकडाच्या, मायकार्टाच्या (राळेत दाबलेलं कापड) किंवा जी-टेनच्या (राळेत दाबलेलं काचतंतूंचं कापड). भोकांची जागा काही झालं तरी हलवू नका. वीस वर्षांपूर्वी विकलेल्या सुरीला आजची मूठ बसते, हीच जुन्या साच्याची खरी कमाई. मुठीचा छेद अंडाकृती ठेवा. गोल मूठ ओल्या हातात फिरते आणि धार कुठे आहे ते बोटांना कळत नाही. एकूण जाडी 18 आणि 22 मिमी अशा दोन मापांत दिलीत तर बहुतेक हातांची सोय होते.

आता पोलाद. गंज नको म्हणून स्टेनलेस घ्यायचं, तर भट्टीसुद्धा बदलावी लागेल. साधं कार्बन पोलाद 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पाणी देता येतं आणि जाणता माणूस ते रंगावरून ओळखतो. एक्स-50-सीआर-एमओ-व्ही-15 सारख्या स्टेनलेसला 1000 च्या वर आणि नेमकं तापमान लागतं. तिथे अंदाज चालत नाही, नियंत्रित भट्टीच हवी. मधला मार्ग म्हणजे तीन थरी पत्रा: मधे कार्बन पोलाद, दोन्ही अंगांना स्टेनलेस. गंजायला फक्त काठाजवळची अरुंद पट्टी उरते आणि धार पूर्वीसारखी लागते. त्यातही पाणी द्यायचं ते मधल्या पोलादाच्या हिशेबाने. कडकपणाही बघा. 0.2 मिमीच्या काठाला रॉकवेल सी मापात 58 च्या वरचं पोलाद लागतं. 55-56 च्या पात्याची तेवढी पातळ धार दुमडते. तुमचं पोलाद मऊ असेल तर 0.3 वरच थांबा.

दमास्कस नक्षी बहुधा बाहेरच्या थरांत असते, कापायचं काम मधला गाभा करतो. म्हणजे ती शोभा. शोभा म्हणून जरूर घ्या, पण लेसरने वरवर छापलेली नक्षी घेऊ नका. पहिल्यांदा पातं घासायची वेळ आली की ती पुसली जाते आणि गिऱ्हाईक परत दारात उभं राहतं.

प्रश्न : जुन्या सुरीची मूठ काढून स्वतः नवीन लाकडी फळ्या बसवल्या. चार महिन्यांत फळी आणि लोखंड यांच्यात फट पडली, एका रिव्हेटपाशी चीरही गेली. चूक कुठे झाली?

फट आणि चीर यांची कारणं वेगळी आहेत.

फट बहुधा गोंदाची. पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी वापरला असेल तर तो या कामाचा नाही, 24 तासांचा घ्या. लोखंड गुळगुळीत ठेवलं असेल तर गोंदाला धरायला काही मिळालंच नाही. 80 नंबरच्या पेपरने आडवे-तिडवे ओरखडे काढा, ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका. बोटाचं तेलही पुरतं. शिकंजा करकचून आवळला तर गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. कडेने गोंदाची बारीक रेघ दिसली की थांबायचं. मुठीतल्या लोखंडाला रिव्हेटखेरीज दोन-चार जादा भोकं पाडली तर गोंद आरपार जाऊन दोन्ही फळ्यांना आतून जोडतो. कडक पोलादाला साधं ड्रिल लागत नाही, कार्बाइडचं लागतं. कार्बन पोलाद असेल तर आणखी एक: जुना गंज आत राहू देऊ नका. गंज फुगतो आणि फळी उचलतो.

चीर लाकडाची. ओलसर लाकूड पक्कं बसवलं की नंतर ते आक्रसतं, रिव्हेट जागचा हलत नाही, मग लाकूडच फाटतं. फळ्या कापून तीन-चार आठवडे खोलीत मोकळ्या ठेवा. त्या वाकल्या तर आधीच वाकू देत. भोक पिनेपेक्षा केसभर, 0.1 मिमी मोठं हवं. पिनेचं डोकं ठोकताना जड हातोडीचे दोन घाव घालण्यापेक्षा हलक्या हातोडीचे वीस बरे. शंका असेल तर ठोकूच नका. साधी पिन आणि चांगला इपॉक्सी पुरतो.

पुन्हा करताना जुन्या रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध सेंटर पंचने खूण करा, रिव्हेटपेक्षा किंचित बारीक ड्रिलने डोकं कोरा आणि पंचने पलीकडे ठोकून काढा. त्याआधी पात्याला पुठ्ठा आणि चिकटपट्टी गुंडाळा. मुठीच्या कामात हात कापतात ते याच घाईत. आणि फळ्यांची पुढची टोकं, जी पात्याकडे तोंड करून असतात, ती चिकटवण्याआधीच 600 पर्यंत घासून तयार ठेवा. नंतर तिथे पेपर पोचत नाही, पोचला तर पात्यावर ओरखडे उठतात. हे विसरलं की सगळी मूठ सुबक आणि पुढची कड खरबरीत, असं कायमचं राहतं. त्याच जागी बाहेर आलेला गोंद ओला असतानाच ॲसिटोनने पुसा.

पिना फळीच्या सपाटीला आणताना सावकाश घासा. पितळ तापलं की भोवतीचं लाकूड काळं पडतं, खालचा इपॉक्सीही मऊ होतो. बोटाला चटका बसला तर गोंदालाही बसला असं समजा. मग 400 पर्यंत घासून ओल्या फडक्याने पुसा, उठलेली लव वाळल्यावर परत घासा आणि जवसाच्या किंवा टंगच्या तेलाचा पातळ हात द्या. वीस मिनिटांनी जादा तेल पुसून घ्या. दिवसाला एक असे चार-पाच हात. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात; पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. डिशवॉशरमध्ये ही सुरी कधीच घालू नका.

प्रश्न : पातळ करताना धारेजवळ निळा डाग आला. पॉलिशने गेला. आता चालेल का?

डाग गेला, मऊपणा गेला नाही. घासताना पोलाद 205-230 अंशांना फिकट पिवळं पडतं, 300 च्या आसपास निळं होतं. कार्बन पोलादाच्या सुरीला कडक केल्यावर बहुतेकदा 180-200 अंशांतच परत तापवलेलं असतं, म्हणून पिवळेपणा दिसला तरी नुकसान सुरू झालं. निळा पट्टा धारेपासून मिलिमीटरभर असेल तर दगडावर, पाण्याने, हळूहळू तेवढं काढून टाका. जास्त असेल तर पात्याला नव्याने पाणी द्यावं लागेल. पुढच्या वेळी हातमोजे नकोत, म्हणजे पातं तापलेलं बोटांना कळेल; दर ओढीनंतर पातं पाण्यात, आणि घासणीचा पट्टा नवा. झिजलेला पट्टा कापत नाही, नुसता तापवतो.

प्रश्न : पात्याच्या टाचेशी जाड धातूची गादी आहे. आता तिथे पातं भाजी चिरायच्या फळीला टेकत नाही, कांद्याची शेवटची पापुद्री जोडलेलीच राहते.

पूर्ण गादीच्या सुऱ्यांचं हे ठरलेलं दुखणं. दर वेळी धार लावताना पातं झिजतं, गादी झिजत नाही, म्हणून तिच्या पुढे खळगा होतो. गादीचा खालचा भाग घासून धारेच्या रेषेपेक्षा 2-3 मिमी वर न्या, मग पातं दगडावर पूर्ण लांबीने सपाट करा. फळीवर टेकवून मागून उजेड बघा, फट दिसायला नको. नवीन सुऱ्या आखणाऱ्यांनी तर गादी अर्धीच ठेवावी.

प्रश्न : पात्यावर नाव घालायचं आहे. ठोक्याचा शिक्का मारावा का?

तयार सुरीवर मुळीच नाही. कडक पातं चिरतं. शिक्का मारायचा तो पाणी देण्यापूर्वी. तयार पात्यावर मिठाच्या पाण्याने कोरता येतं. पातं ॲसिटोनने पुसून व्हिनाइलचं स्टेन्सिल घट्ट चिकटवा, भोवती टेप लावा. नऊ व्होल्टच्या बॅटरीचं धन टोक पात्याला, ऋण टोक कापसाच्या काडीला. काडी मिठाच्या पाण्यात भिजवून, निथळून, अक्षरावर पाच सेकंद टेकवा, उचला, परत टेकवा. आठ-दहा वेळा. कापूस काळा झाला की बदला. फार ओली काडी स्टेन्सिलखाली पाणी सोडते आणि अक्षरांच्या कडा फुटतात, बिघाड बहुधा इथेच होतो. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. खिडकी उघडी आणि हातात रबरी मोजे हवेत. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन निघू शकतो आणि स्टेनलेसमधून क्रोमियमची संयुगं सुटतात. घरच्या विजेच्या प्लगवर हा प्रयोग करू नका.

प्रश्न : पात्याला खळगे पाडले तर बटाट्याच्या चकत्या चिकटत नाहीत म्हणतात. खरं का?

थोडंसंच. चकती सुटते ती पात्याच्या अंगाच्या आकाराने. उजव्या हाताच्या सुरीचं उजवं अंग किंचित फुगीर केलं तर जास्त फरक पडतो, डावखुऱ्यांसाठी डावं. खळगे काठाच्या फार जवळ असतील तर काही वर्षांत धार त्यांच्यापर्यंत पोचते आणि काठ करवतीसारखा दातेरी होतो.

प्रश्न : कार्बन पोलादाचं पातं मुद्दाम काळपट करायची पद्धत?

साबणाने धुऊन ॲसिटोनने पुसा, कोमट व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं बुडवा, धुवा, मऊ फडक्याने हलकं चोळा. असं तीन-चारदा. करडा-निळसर रंग आला की सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडं करा. रंग तांबडा आला तर तो गंज, पुसून परत सुरू करा. हा थर गंज कमी करतो, थांबवत नाही, तेव्हा पातं ओलं ठेवायचं नाहीच. शेवटी धार नव्याने लावा. व्हिनेगर सगळ्यात आधी काठ खातं.