विचार जुळतात, मग एकत्र राहायच्या आधीच खटके का उडतात?

"आमचे विचार अगदी जुळतात मॅडम, तरी दर मीटिंगला वाद होतोय." हे वाक्य मी किती ग्रुपांकडून ऐकलंय. २०२० मध्ये कर्नाटकात जमीन सुधारणा कायदा बदलला, शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेता यायला लागली, आणि मग मित्र-मित्र मिळून बेळगावजवळ खानापूर, जांबोटीकडं जागा घ्यायची, रिटायर झाल्यावर तिथं एकत्र राहायचं, एकच किचन, म्हातारपणी एकमेकांना आधार, असं बोलणारे माझ्याकडं जास्तच यायला लागले. मला ही कल्पना मनापासून आवडते, म्हणून लिहितेय. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

सहा कुटुंबं आलेली. सोबत लॅमिनेट केलेला कागद, त्यावर साधेपणा, निसर्ग, एकोपा, पाहुण्यांना कायम दार उघडं, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. गाडी मात्र गेस्ट रूम किती बांधायच्या यावर अडलेली. त्यातले सगळ्यात उत्साही भाऊ म्हणाले, "ध्येय सगळ्यांना मान्य हाय की, मग अडतंय कुठं?"

समुपदेशनात मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलरच्या विचारांची. माणसाला आपल्या माणसांत आपली जागा पाहिजे असते, ती जाईल असं वाटलं की तो खोल्यांवरून, पाण्यावरून, कशावरूनही भांडतो, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा बघितलंय. म्हणून कागद बाजूला ठेवला आणि प्रत्येकाला एकच विचारलं, "तिथं राहायला गेल्यावर काय झालं तर तुम्ही बॅग भरून परत बेळगावला याल?"

आधी सगळे हसले. मग भाऊंच्या मिसेस बोलल्या, "रविवारी ह्यांचे वीस पाहुणे आणि भात टाकायला मी एकटी, असं झालं की मी निघाले बघा." भाऊ त्यांच्याकडं बघतच राहिले. कायम उघड्या दाराचा मुद्दा त्यांचाच होता, आणि घरात याबद्दल कधी विचारलंच नव्हतं.

मग ज्या कधीच बोलत नव्हत्या त्या अक्का, माहेर कन्नड, म्हणाल्या, "मीटिंगमधे तुम्ही भराभरा मराठीत बोलता, मी हं हं म्हणते आणि घरी जाऊन ह्यांना विचारते, काय ठरलं म्हणून. माझी आई येणार माझ्यासोबत. तिच्याशी कोण बोलणार तिथं?"

कागदावर सही त्यांचीही होती. त्या क्षणी मला सगळं स्वच्छ दिसलं, आणि हा प्रश्न विचारला याचं आजही समाधान वाटतं. सगळ्यांनी मान्य केलेलं ध्येय खरं तर दोघा-तिघांचं होतं, बाकीच्यांनी मैत्री टिकावी म्हणून मान डोलावलेली. अशा वेळी अजून चांगली मूल्यं शोधत बसून उपयोग नसतो.

पुद्दुचेरीजवळच्या ऑरोविलचंच बघा, तीही एकत्र राहणाऱ्यांचीच वसाहत. १९६८ मध्ये सुरू झालं तेव्हा चार कलमांची सनद वाचली गेली, मानवी एकतेचं इतकं मोठं ध्येय. पण १९७३ मध्ये संस्थापक माताजी वारल्यावर कारभार कुणाचा यावरून वाद पेटला, तो कोर्टात गेला, आणि शेवटी १९८८ मध्ये संसदेला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. ध्येय कितीही मोठं असूदे, निर्णय कोण घेणार हे आधी ठरलेलं बरं.

म्हणून मी त्यांना प्रत्येक मूल्यापुढं काम, पैसा आणि माणूस लिहायला लावलं. पाहुणा ज्याचा, त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी त्याची, पुरुष असला तरी. मीटिंगमधे जे ठरेल ते तिथल्या तिथं कन्नडमधेही सांगायचं. सगळ्यांना आवडलंच पाहिजे असा हट्ट नको, पण कुणाची ठाम हरकत असेल तर निर्णय पुढं ढकलायचा आणि ज्याची हरकत त्यानंच दुसरा मार्ग सुचवायचा. कुणी बाहेर पडलं तर त्याचे पैसे किती, कधी आणि कुणी द्यायचे, हे वकिलाकडून लिहून घ्यायचं. हे शेवटचं बोलायला लोक लाजतात, अपशकुन वाटतो, पण बाहेर पडायचा रस्ता माहीत असला की माणूस आत निर्धास्त बसतो.

पुढं एक कुटुंब बाहेर पडलंच. ठरल्याप्रमाणं पैसे मिळाले, कुणी कुणाशी बोलणं टाकलं नाही. बाकीच्या पाचांनी गेस्ट रूम एकच बांधायची ठरवलं, आणि तो ठराव अक्कांनी स्वतः दोन्ही भाषांत लिहिला.