थेल्मा रिटर यांना सहा नामांकने मिळूनही ऑस्कर का मिळाले नाही?

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा, की जुन्या हॉलिवूड चित्रपटांत सहायक भूमिका करणाऱ्या अभिनेत्री थेल्मा रिटर यांना सहा वेळा नामांकन मिळूनही ऑस्कर का मिळाले नाही. दुसरा आपण जाता जाता विचारला आहे: त्या प्रत्येक चित्रपटात एकसारख्याच, म्हणजे घरी असतील तशाच वाटतात, हे त्याचे कारण असावे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जुने इंग्रजी चित्रपट पाहणारा कोणीही देऊ शकेल. मी लिहायला बसले ती दुसऱ्या प्रश्नामुळे, कारण नेमके हेच वाक्य मला १९९४ साली स्वतःबद्दल ऐकून घ्यावे लागले होते.

आधी रिटर यांच्याविषयी. त्या स्वतःसारख्या दिसत होत्या, हे म्हणणे साफ चुकीचे आहे. १९०२ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या या बाईंनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि नंतर लहानमोठ्या नाटक कंपन्यांतून कामे केली होती. त्यांचे पती जोसेफ मोरन हेही आधी नट होते आणि पुढे जाहिरात व्यवसायात गेले. मुले लहान असताना रिटर रंगभूमीपासून दूर राहिल्या, मग रेडिओवर परतल्या, आणि चित्रपटात आल्या तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीस होते. ‘मिरॅकल ऑन थर्टी फोर्थ स्ट्रीट’ या १९४७ च्या चित्रपटात मुलासाठी खेळण्यातला आगीचा बंब शोधून दमलेल्या आईचे काम त्यांनी केले. काम मिनिटा-दोन मिनिटांचे, श्रेयनामावलीत नावसुद्धा नाही. ते पाहून स्टुडिओचे प्रमुख डॅरिल झॅनक यांनी त्यांना पुढची कामे देवविली. ज्या बाईला गल्लीतून उचलून कॅमेऱ्यासमोर उभे केले आहे असे प्रेक्षकाला वाटते, तिच्यामागे वीस-पंचवीस वर्षांचा रियाज होता.

आता माझी हकिगत सांगते, कारण तिच्याशिवाय माझे म्हणणे पूर्ण होत नाही.

मी तेव्हा सांगलीत एका बँकेत नोकरी करीत होते आणि आमच्या हौशी नाट्यसंस्थेत बारा-तेरा वर्षे कामे करीत होते. त्या वर्षी स्पर्धेसाठी घेतलेल्या दोन अंकी नाटकात माझ्याकडे पारूबाई नावाच्या मोलकरणीची भूमिका आली. दुसऱ्या अंकात स्वयंपाकघराचा अकरा मिनिटांचा प्रवेश होता. त्यात सासू आणि सून यांचे जुंपते, सून घर सोडण्याचे जाहीर करते आणि पारूबाई एका कोपऱ्यात बसून मेथी निवडते. संहितेत तिला एकोणीस वाक्ये होती, तीही बहुतेक ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ अशी. आमच्या दिग्दर्शकांचे म्हणणे होते, की रिकामी परात घेऊन नुसता हात हलवला तरी चालेल, मागच्या रांगेतून कोणाला काय दिसणार आहे. मी खरी मेथी आणण्याचा हट्ट धरला आणि तालमीला रोज एक जुडी स्वतःच्या पैशाने आणली.

माझ्या घरी भाजी निवडण्याचे काम सासूबाईंकडे होते. मी साडेसहाला बँकेतून परत येई तोवर भाजी चिरून तयार असे. खरे सांगायचे तर मला धड मेथी निवडता येत नव्हती. तीन आठवडे मी सासूबाईंच्या समोर बसून त्यांचे हात पाहिले. त्या पानांकडे पाहात नसत. बोटेच पान आणि देठ वेगळे करीत. साधे बोलणे चालू असले की हात एका लयीत चालत. काही अप्रिय ऐकले की हात थांबत नसे, उलट वेग वाढे. फक्त एकदा, त्यांच्या भावाच्या आजारपणाचा विषय निघाला तेव्हा, काडी हातात तशीच राहिली आणि त्यांनी मान मात्र वर केली नाही. ते मी उचलले. सुनेच्या ‘मी उद्या जाते’ या वाक्यावर पारूबाईचा हात थांबला पाहिजे आणि मान खालीच राहिली पाहिजे, हे मी ठरवून बसवले. बाजारातल्या जुड्या लहानमोठ्या असतात, म्हणून प्रयोगाआधी जुडी सोडून मी चाळीस काड्या मोजून घेत असे, म्हणजे प्रवेश संपताना परातीत शेवटची काडी उरे. सूनबाई निघून गेल्यावर पारूबाई ती काडी निवडते आणि पदराला हात पुसते, इतकाच माझा शेवट होता.

स्पर्धेत अभिनयाचे पदक दुसऱ्या संस्थेतील एका बाईंना मिळाले. त्यांनी वेड लागलेल्या स्त्रीची भूमिका केली होती आणि ती चांगलीच केली होती, त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. मला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळाले. निकालानंतर संस्थेच्या बैठकीत एका सहकाऱ्याने माझ्या कामाचा विषय काढला, तेव्हा आमचे दिग्दर्शक सर्वांसमोर म्हणाले, “त्यांनी वेगळे काय केले? घरी असतात तशाच त्या रंगमंचावर होत्या.” सगळे हसले. मी त्या वेळी काही बोलले नाही आणि त्या न बोलण्याची खंत मला अजून आहे.

पुढे दोन वर्षांनी एका फिल्म सोसायटीच्या खेळात मी ‘रिअर विंडो’ पाहिला. पाय प्लास्टरमध्ये असलेला जेम्स स्टुअर्ट खिडकीशी बसला आहे आणि विमा कंपनीने पाठवलेली परिचारिका स्टेला, म्हणजे रिटर, त्याची देखभाल करायला येते. ती थर्मामीटर लावते, अंथरूण करते, त्याला पालथे झोपवून पाठीला तेल चोळते, आणि हे सर्व करताना सतत बोलत असते: लोकांच्या खिडक्यांत डोकावू नकोस, त्या ग्रेस केलीशी लग्न कर. त्या बोलण्यातले एकही वाक्य तिच्या हातांपासून सुटे नाही. पुढे त्याच्यासमोर न्याहारीचे ताट असताना ती समोरच्या घरातल्या बाईचे तुकडे कुठे केले असतील याचा गंभीरपणे विचार करते आणि त्याचा घास तोंडापर्यंत जाऊन थांबतो. मी अंधारात बसून तिचे हात पाहात होते आणि माझ्या डोळ्यांसमोर परात आली. ही बाई घरी असते तशी पडद्यावर आलेली नाही, हे हातात काम घेऊन संवाद म्हटलेल्या कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत कळेल. आणि या भूमिकेसाठी तर त्यांना नामांकनसुद्धा मिळाले नव्हते.

एकसारखेपणाचा आरोप तपासून पाहायचा असेल तर दोन भूमिका शेजारी ठेवाव्यात. ‘ऑल अबाउट ईव्ह’ मधील बर्डी ही बेट डेव्हिसने साकारलेल्या नटीची मदतनीस, स्वतः एके काळी व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी आणि नकलांच्या खेळांच्या, रंगमंचावर काम केलेली. गोड बोलून घरात शिरलेल्या ईव्हचे पाणी सर्वांत आधी ती ओळखते. मालकीण तिला विचारते, तुला ईव्ह आवडत नाही ना? ती उलट विचारते, की उत्तर हवे आहे की वाद. उत्तर हवे म्हटल्यावर ती एका शब्दात ‘नाही’ म्हणते, आणि का नाही असे विचारल्यावर म्हणते, की आता तुम्हाला वाद हवा आहे. आवाज चढत नाही, चेहरा फारसा हलत नाही, पण मालकिणीच्या मनात पहिली शंका पेरली जाते. चित्रपटाच्या मध्यावर बर्डी जवळजवळ नाहीशी होते आणि तिची उणीव मला दर वेळी जाणवते.

दुसरी भूमिका ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ या १९५३ च्या सॅम्युएल फुलर यांच्या चित्रपटातील मो. ही न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर नेकटाय विकते आणि त्याच्या आडून खिसेकापूंची माहिती पोलिसांना विकते. ती पैसे साठवते ते स्वतःच्या दफनाची जागा आणि थडग्याचा दगड विकत घेण्यासाठी, कारण बेवारसांच्या दफनभूमीत पडण्याची तिला धास्ती आहे. पोलिसांशी भाव करताना ती बाजारातल्या भाजीवालीइतकी रोखठोक असते. मग एका रात्री ती थकून आपल्या खोलीवर येते, ग्रामोफोनवर तबकडी लावते, आणि पिस्तूल घेऊन आलेला माणूस तिला खिसेकापू झालेल्या रिचर्ड विडमार्कच्या पात्राचा पत्ता विचारतो. आयुष्यभर माहिती विकलेली ही बाई या माणसाला ती विकत नाही. ती गयावया करीत नाही आणि शौर्याचा आवही आणत नाही. आपण किती थकलो आहोत एवढेच ती सांगत राहते, आणि त्या थकव्याच्या सुरातच आता मारलेस तर बरेच होईल असे सुचवते. कॅमेरा तिच्यावरून सरकून ग्रामोफोनवर जातो आणि गोळीचा आवाज येतो. बर्डी आणि मो यांच्या बोलण्याची ढब एकाच शहरातली आहे हे खरे, पण ढब एक म्हणून माणूस एक होत नाही. आपल्या गावात दहा बायका एकाच सुरात बोलतात, म्हणून त्या एकच बाई आहेत असे आपण म्हणतो काय?

आता ऑस्करबद्दल. १९५० ते १९५३ अशी सलग चार वर्षे, आणि पुढे १९५९ व १९६२ च्या चित्रपटांसाठी, अशी ही सहा नामांकने आहेत. सहायक अभिनेत्री या विभागात सहा नामांकने आजवर दुसऱ्या कोणाला मिळालेली नाहीत. ज्यांना त्या त्या वर्षी पुरस्कार मिळाला त्यांची यादी पाहावी: जोसेफिन हल, किम हंटर, ग्लोरिया ग्रॅहम, डोना रीड, शेली विंटर्स आणि पॅटी ड्यूक. भूमिकेची लांबी हे कारण नव्हते, कारण ग्लोरिया ग्रॅहम ‘द बॅड अँड द ब्यूटिफुल’ मध्ये दहा मिनिटेसुद्धा नाहीत. माझ्या मते मतदाराला कायापालट दिसावा लागतो. डोना रीड यांची प्रतिमा सोज्ज्वळ होती आणि ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’ मध्ये त्यांनी बदनाम वस्तीतल्या क्लबमधील मुलगी केली. पॅटी ड्यूक यांनी अंध आणि मूकबधिर हेलन केलर केली. हे कष्ट लांबूनही मोजता येतात. मोजलेल्या चाळीस काड्या लांबून दिसत नाहीत.

त्याशिवाय काही साधी कारणेही आहेत. १९५० मध्ये ‘ऑल अबाउट ईव्ह’ मधूनच सेलेस्ट होम यांनाही याच विभागात नामांकन होते, त्यामुळे मते फुटली असणे शक्य आहे. १९५१ चा ‘द मेटिंग सीझन’ तर खरे म्हणजे रिटर यांचाच चित्रपट आहे. हॅम्बर्गरची गाडी चालवणारी आई मुलाच्या श्रीमंत सासुरवाडीला लाज वाटू नये म्हणून त्याच्याच घरी स्वयंपाकीण होऊन राहते, आणि सारी कथा तिच्या भोवती फिरते. तरीही तिला सहायक म्हणूनच गणले गेले, कारण चेहरा मोलकरणीचा. १९५३ चा निकाल मात्र मला अन्यायच वाटतो आणि त्यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

पुरस्कार त्यांना मुळीच मिळाले नाहीत असे नाही, हे मी आधीच सांगायला हवे होते. ‘न्यू गर्ल इन टाउन’ या संगीत नाटकासाठी १९५८ साली त्यांना अमेरिकन रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला, तोही सहायक नव्हे तर प्रमुख अभिनेत्रीचा, त्याच नाटकातील ग्वेन व्हर्डन यांच्याबरोबर विभागून. १९५५ चा ऑस्कर सोहळा दोन शहरांत एकाच वेळी झाला, तेव्हा हॉलिवूडमधले सूत्रसंचालन बॉब होप यांनी सांभाळले, तर न्यूयॉर्कमधले रिटर यांनी. त्यांच्या व्यवसायातले लोक त्यांना ओळखून होते. १९५९ च्या ‘पिलो टॉक’ मधील दारू चढवून कामावर येणारी मोलकरीण मलाही थोडी ठोकळेबाज वाटते, तेव्हा आपल्या शंकेत अजिबात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतर तीनच वर्षांनी ‘बर्डमन ऑफ अल्कट्राझ’ मध्ये त्यांनी केलेली आई पाहावी. ती मुलाला फाशीतून वाचवण्यासाठी जिवाचे रान करते आणि त्याने तुरुंगात असताना लग्न केले म्हणून त्याच्याकडे कायमची पाठ फिरवते. तिथे विनोदाचा लवलेश नाही.

आपण स्वतः नाटकात काम करीत असाल आणि आपल्या वाट्याला मोलकरीण, शेजारीण किंवा परिचारिका आली असेल, तर ती नाकारू नये. हातात द्यायची वस्तू खरी मागून घ्यावी आणि ती मिळेपर्यंत तालमीला उभे राहू नये. आपण दिग्दर्शन करीत असाल, तर कलावंताच्या घरी न जाता ती घरी कशी असते हे बैठकीत सांगू नये. आमच्या दिग्दर्शकांनी माझ्या घरी एकदा येऊन पाहिले असते, तर माझ्या हातची मेथी पाहून सासूबाईंनी ती पुन्हा निवडायला घेतलेली त्यांना दिसली असती.