जुन्या मोटारीत उपग्रह रेडिओ

प्रश्न : माझ्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे. अमेरिकेत राहणारा मुलगा तेथील उपग्रह रेडिओचा संच आणतो म्हणतो. तो आपल्याकडे चालेल काय?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : चालणार नाही, आणि यात आपल्या गाडीच्या वयाचा दोष नाही. सिरियस एक्सएम या अमेरिकेतील उपग्रह रेडिओ कंपनीची सेवा उत्तर अमेरिकेपुरतीच आहे. भारतात वर्ल्डस्पेसची सेवा होती, परंतु ती ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद झाली. म्हणून तिचा जुना संच कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये.

त्याऐवजी ब्लूटूथ असलेला सिंगल डिन (मोटारीतील स्टिरिओचा एक प्रमाणित आकार) आकाराचा स्टिरिओ बसवावा आणि मोबाइलवरील ‘न्यूज ऑन एअर’ ॲपमधून आकाशवाणीच्या वाहिन्या ऐकाव्यात. जोडणीत पिवळी तार सहसा कायम विद्युतपुरवठ्याची, लाल चावीनंतरच्या पुरवठ्याची आणि काळी अर्थिंगची असते. तरीही मल्टिमीटरने (वीजदाब मोजण्याच्या उपकरणाने) तपासल्याशिवाय एकही तार जोडू देऊ नये. सर्वाधिक काळजी स्पीकरची घ्यावी, कारण काही जुन्या गाड्यांत स्पीकरची एक तार थेट बॉडीला जोडलेली असते आणि तशा जोडणीवर आजचा स्टिरिओ लावल्यास त्याचा ॲम्प्लिफायर जळू शकतो. प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र तारा नव्याने ओढून घेण्याचा खर्च मी आवश्यकच मानतो. पेंचकडे जाताना जंगलभागात मोबाइलचे नेटवर्क तुटू शकते, तेव्हा शक्य असल्यास मध्यम लहरी (एएम) पकडणारा स्टिरिओ निवडावा आणि गाडीची मूळ एरियल काढू नये.