कोविडमुळे २०१९-२० चा रग्बी हंगाम अर्ध्यावर थांबला, तेव्हा आघाडीवर असलेल्या क्लबला बढती मिळाली का?

इंग्लंडमध्ये मिळाली. मार्च २०२० मध्ये तिथल्या रग्बी महासंघाने प्रीमियरशिप या सर्वोच्च लीगखालच्या सगळ्या लीग संपल्याचं जाहीर केलं. मग झालेल्या सामन्यांतल्या घरच्या आणि बाहेरच्या मैदानावरच्या सरासरी गुणांवरून अंतिम क्रम ठरवला. दुसऱ्या श्रेणीतला न्यूकॅसल फाल्कन्स तोवरचे १५ पैकी १५ सामने जिंकून पहिला होता, त्यामुळे तो थेट प्रीमियरशिपमध्ये गेला. हा निर्णय मला रास्तच वाटतो. इतक्या मेहनतीवर पाणी फिरवणं फार क्रूर झालं असतं. पण सगळीकडे असं झालं नाही. फ्रान्समध्ये त्या वर्षी विजेताच जाहीर झाला नाही आणि टॉप १४ या तिथल्या सर्वोच्च लीगमध्ये बढती किंवा घसरणही नव्हती, म्हणजे आघाडीवरच्या क्लबांना ना विजेतेपद मिळालं, ना बढती.