पायरी कुणाच्या पायाने मोजायची?

प्रिय,

तुझ्या बाकाची चित्रं पाहिली. रेषा स्वच्छ, मापं चोख. पण त्यावर कोण बसणार, हे मला कुठेच दिसलं नाही.

एक काम कर. एसटी स्टँडवर तासभर बस आणि गाडीच्या दाराकडे बघ. कॉलेजची पोरं खालच्या पायरीकडे न बघताच आत शिरतात. मागची आजी थबकते. आधी पिशवी वर सरकवते, मग दांडी धरते, मग पाय उचलते. पायरी तीच, पोरांना ती 'चढ' म्हणते, आजीला 'थांब'. दांडी मात्र आजीला सगळ्यांच्या आधी दिसते.

जेम्स गिब्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने यासाठी, म्हणजे वस्तू कुणाला काय करू देते यासाठी, 'अफोर्डन्स' हा शब्द घडवला आणि १९७९ च्या पुस्तकात तो सविस्तर मांडला. आधी आकार, रंग बघायचा आणि मग डोक्यात उपयोग ठरवायचा, असं आपलं चालत नाही, असं तो म्हणतो. गुडघ्याइतका उंच, सपाट, टणक दगड बसण्याजोगा म्हणूनच दिसतो. हा गुण एकट्या दगडाचा नाही, बघणाऱ्याच्या मनातलाही नाही. दगड आणि शरीर यांच्या जोडीचा आहे. रांगत्या पोराला तोच दगड धरून उभं राहायला होतो.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही बरं. १९८४ साली विल्यम वॉरन या मानसशास्त्रज्ञाने उंच आणि बुटक्या तरुणांना वेगवेगळ्या उंचीच्या पायऱ्या पडद्यावर दाखवल्या आणि विचारलं, हात न टेकता चढाल का? दोन्ही गटांची मर्यादा इंचांत वेगळी निघाली. पण कमरेपासूनच्या अख्ख्या पायाच्या लांबीशी ताडून पाहिलं तर दोघांची जवळपास एकच: ०.८८ पट. डोळ्याची फूटपट्टी म्हणजे आपलाच पाय!

आमच्या भागातल्या एका बँकेच्या काचेच्या दाराला ओढायची छान मूठ आहे, वर कागद चिकटवलाय: 'ढकला'. मी दरवेळी ओढतो. पूर्वी स्वतःवर चिडायचो. आता तो कागद लावायची वेळ आणणाऱ्यावर चिडतो.

तर बाक. उंच केलास तर आजीचे पाय लोंबकळतील, बुटका केलास तर उठताना गुडघे बोलतील. विटांवर फळी टाक, एकेक वीट कमीजास्त कर आणि घरातल्या मोठ्या माणसांना बसव. बसताना नको, उठताना बघ. हात कुठे टेकतात, तिथे खडूने खूण कर आणि मला फोटो पाठव.

तुझा,
सर